गर्वाचे घर खाली?

काही गोष्टी वर्गात इतक्या वेळा सांगितल्या जातात, की त्या तपासून पाहायचे राहूनच जाते. बोव्हेच्या कॅथेड्रलची गोष्ट त्यांपैकी एक. बोव्हे हे उत्तर फ्रान्समधले, पॅरिसपासून सुमारे ७५ किलोमीटरवरचे शहर. तेराव्या शतकात तिथल्या बिशपांनी सगळ्यांहून उंच कॅथेड्रल बांधायला घेतले. १२२५ साली आगीत जुन्या चर्चचे नुकसान झाल्यावर कामाला सुरुवात झाली. १२७२ पर्यंत वेदीभोवतीचा भाग पुरा झाला. त्याचे दगडी छत जमिनीपासून सुमारे ४८ मीटरवर, म्हणजे आजच्या पंधरा-सोळा मजली इमारतीच्या उंचीवर गेले. बारा वर्षांनी, २९ नोव्हेंबर १२८४ रोजी, त्याचा मोठा भाग कोसळला. पुढे १५६९ मध्ये त्याच इमारतीवर १५३ मीटर उंचीचा मनोरा चढवला. तोही चार वर्षांत पडला. तात्पर्य : गर्वाचे घर खाली.

ही गोष्ट आम्हीही वर्षानुवर्षे अशीच सांगत आलो. बल, भार, दाब हा पाठ कोरडा वाटू लागला की तिचा चांगला उपयोग होतो. मुले ऐकतात, शेवटी माना डोलावतात, तास संपतो. एकदा मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘‘सर, मग दुसऱ्यांदा बांधताना त्यांनी उंची किती कमी केली?’’ उत्तर आम्हांला माहीत नव्हते. शोधल्यावर जे सापडले त्याने गोष्टीचे तात्पर्यच डळमळीत झाले. त्यांनी उंची अजिबात कमी केली नव्हती. पडलेले छत त्यांनी पुन्हा त्याच उंचीवर बांधले, आणि ते आजही उभे आहे. गॉथिक शैलीतले जगातले सर्वांत उंच छत तेच.

ज्या छताच्या उंचीला आपण दोषी ठरवतो ते त्याच उंचीवर साडेसहाशेहून अधिक वर्षे टिकले असेल, तर आपला निकाल कुठेतरी चुकला आहे. तो कुठे चुकला आणि त्यामुळे मुलांचे काय नुकसान होते, हे पाहण्यासाठी हा लेख.

थोडे कॅथेड्रलविषयी

कॅथेड्रल हे बांधणीच्या शैलीचे नाव नव्हे. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते ते कॅथेड्रल. जुन्या गोव्यातल्या ‘से’ कॅथेड्रलच्या नावातला ‘से’ हा शब्दही आसन या अर्थाचाच आहे. ते कॅथेड्रल सोळाव्या-सतराव्या शतकातले आहे आणि त्याची शैली गॉथिक नाही. (त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये पडला, म्हणून आज ते एकाच मनोऱ्याचे दिसते.) आपला विषय आहे तो बाराव्या ते सोळाव्या शतकांतल्या युरोपमधल्या, विशेषतः फ्रान्समधल्या, गॉथिक कॅथेड्रलांचा.

या शैलीची सुरुवात सहसा पॅरिसजवळच्या सेंट डेनिस मठाच्या चर्चपासून धरतात. मठाधिपती सुजे यांच्या देखरेखीखाली त्याचा वेदीभोवतीचा भाग ११४० ते ११४४ या काळात नव्याने बांधला गेला. टोकदार कमान, फासळ्यांचे कमानदार छत आणि भिंतीला बाहेरून रेटा देणारे टेकू ही या शैलीची तीन मुख्य अंगे. यांतले शेवटचे अंग म्हणजे फ्लाइंग बट्रेस. भिंतीपासून दूर एक भक्कम दगडी खांब उभा करायचा आणि तिथून अर्ध्या कमानीसारखा दगडी हात भिंतीच्या वरच्या भागाला टेकवायचा. छताचा बाहेरचा रेटा या हातावाटे खांबात जातो, त्यामुळे भिंत जाड ठेवावी लागत नाही. भिंतीच्या जागी मोठमोठ्या रंगीत काचांच्या खिडक्या बसवता येतात.

ही तीन अंगे जुळल्यावर उंची वाढत गेली. पॅरिसच्या नोत्र-दामचे काम ११६३ मध्ये सुरू झाले. त्याचे छत सुमारे ३३ मीटरवर आहे. ११९४ च्या आगीनंतर बांधलेल्या शार्त्रचे सुमारे ३७, १२११ मध्ये सुरू झालेल्या रँसचे सुमारे ३८, १२२० मध्ये सुरू झालेल्या आमियांचे सुमारे ४२ आणि मग बोव्हेचे ४८. आकडे असे ओळीने लिहिले की गोष्ट आपोआप तयार होते : वाढत वाढत गेले आणि शेवटी मर्यादा ओलांडली. मात्र मर्यादा होती असे म्हणायचे, तर ती कशाची होती हेही सांगावे लागेल.

पहिला आरोप : उंची

सगळ्यांत आधी सुचते ती मर्यादा दगडाच्या ताकदीची. इतके वजन वर चढवले की खालचे दगड चिरडले असतील, असे वाटते. हे गणित नववीतला विद्यार्थीही करू शकतो. बांधकामाच्या दगडाचे वजन घनमीटरला सुमारे २ टन धरू. एक चौरस मीटर तळाचा खांब ४८ मीटर उंच केला तर तळाशी भार होईल ९६ टन. मध्यम प्रतीचा दगड चिरडायला चौरस मीटरला सुमारे ४००० टन भार लागतो. म्हणजे केवळ स्वतःच्या वजनाने तळाचा दगड चिरडायचा असेल तर खांब २००० मीटर, दोन किलोमीटर उंच हवा! आपले कळसूबाईचे शिखरही समुद्रसपाटीपासून १६४६ मीटरच आहे.

खऱ्या इमारतीत खांबावर छताचा आणि वरच्या भिंतींचाही भार येतो, हे खरे. तो धरूनही कॅथेड्रलांच्या सर्वाधिक भार पेलणाऱ्या खांबांतला दाब दगडाच्या ताकदीच्या साधारण दहाव्या हिश्श्यापलीकडे जात नाही, असे केंब्रिजचे अभियंते जाक हेमन यांनी दाखवले. १९६६ पासून त्यांनी जुन्या दगडी बांधकामांचा नव्या पद्धतीने अभ्यास केला. कॅथेड्रल दगड कमकुवत म्हणून पडत नाही, हे त्यांचे पहिले सूत्र.

इथे गॅलिलिओची आठवण येणे साहजिक आहे. १६३८ च्या ग्रंथात त्याने दाखवले की वस्तू त्याच प्रमाणात मोठी करत गेलो तर वजन घनाच्या पटीत वाढते आणि ताकद वर्गाच्या पटीत. म्हणून हत्तीचे पाय हरणासारखे बारीक असून चालत नाहीत. हा नियम आपण शिकवतो आणि मुलांना तो आवडतो. तो बोव्हेला लावून ‘आमियांची नक्कल मोठी केली म्हणून पडले’ असे म्हणण्याचा मोह होतो. मात्र गॅलिलिओचा नियम ताकदीचा आहे. जिथे ताकद दहापट शिल्लक आहे तिथे तो आड येत नाही. दगडी इमारतीचा खरा प्रश्न तोल राखण्याचा आहे. हा तोल आकारावर, म्हणजे भागांच्या परस्पर प्रमाणावर अवलंबून असतो. एक फूट उंचीची कमान आपल्या वजनाखाली उभी राहत असेल, तर त्याच प्रमाणात मोठी केलेली तीस फुटांची कमानही उभी राहते. जुन्या कारागिरांचे नियम ‘टेकूची जाडी गाळ्याच्या रुंदीच्या अमुक हिश्श्याइतकी’ अशा स्वरूपाचे असत. ते अडाणी ठोकताळे नव्हते. दगडाच्या बाबतीत प्रमाणाचा नियम हाच योग्य नियम आहे.

इमारत उभी कशाने राहते?

दगड दाब सहन करतो, ताण जवळजवळ सहन करत नाही. चुन्याची दरज तर ओढली की सुटते. म्हणून दगडी बांधकामात बल नेहमी दगडावरून दगडावर दाबाच्या रूपाने जायला हवे आणि त्याची वाट दगडाच्या जाडीच्या आतून जायला हवी. ही वाट कशी शोधायची? १६७५ मध्ये रॉबर्ट हूकने याचे उत्तर अक्षरे उलटसुलट करून कोड्याच्या रूपात छापले. त्याच्या मृत्यूनंतर ते उलगडले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : साखळी दोन टोकांना धरून सैल सोडली की ती ज्या वक्र आकारात लोंबते, तोच आकार उलटा केला की कमानीतल्या दाबाची वाट मिळते. साखळीत सगळा ताण असतो, कमानीत सगळा दाब.

हा उलटा आकार कमानीच्या जाडीत कुठेतरी मावत असेल तर कमान उभी राहील. टोकदार कमान याच कारणाने उपयोगी पडली. तेवढ्याच गाळ्यावर, तेवढ्याच भाराखाली, कमानीची उंची दुप्पट केली तर तिचा बाजूला जाणारा रेटा साधारण निम्मा होतो. तरी तो शून्य होत नाही. उरलेला रेटा बट्रेसने घ्यायचा असतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती शिक्षकांनी आवर्जून सांगावी. टेकू किंचित बाहेर सरकले की कमानीला भेगा पडतात : माथ्याला खालच्या बाजूने, बगलांना वरच्या बाजूने. या भेगांमुळे कमान पडत नाही. ती नव्या परिस्थितीशी जुळवून घेते आणि उभी राहते. बहुतेक सगळ्या जुन्या कॅथेड्रलांच्या छतांना अशा भेगा आहेत. भेग ही इमारतीने दिलेली माहिती असते. ती वाचता आली पाहिजे.

दुसरी गोष्ट : सर्वज्ञ कारागिरांची

गर्वाच्या गोष्टीला कंटाळलेले लोक कधी कधी उलट टोकाची गोष्ट सांगतात. मध्ययुगीन कारागिरांना सगळे यंत्रशास्त्र अवगत होते, गॉथिक इमारतीतला प्रत्येक दगड कामापुरता आणि कामासाठीच आहे, असे ते म्हणतात. या मताचे मोठे प्रवर्तक एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच वास्तुविशारद व्हिओले-ल-द्युक. त्यांनी अनेक कॅथेड्रलांची दुरुस्ती केली आणि फ्रेंच वास्तुकलेचा बहुखंडी कोशही लिहिला. त्यांच्या मते छताच्या फासळ्या म्हणजे सांगाडा, भार त्या पेलतात. मधले दगडी पडदे फक्त भरण म्हणून असतात.

हे स्पष्टीकरण इतके सुबक आहे की ते खरेच असणार असे वाटते. पहिल्या महायुद्धात उत्तर फ्रान्समधल्या चर्चांवर तोफगोळे पडले तेव्हा त्याची नकळत परीक्षा झाली. काही ठिकाणी फासळ्या गळून पडल्या आणि छताचे पडदे तसेच राहिले. काही ठिकाणी पडदे गेले आणि फासळ्या राहिल्या. १९३४ मध्ये पोल अब्राहम यांनी व्हिओले-ल-द्युक यांच्या मतावर सडकून टीका केली आणि फासळ्या मुख्यतः शोभेच्या आहेत असे म्हटले. आज अभ्यासकांचा कल मधल्या मताकडे आहे. दोन वक्र पडदे जिथे मिळतात त्या घडीवर दाब एकवटतो, तिथे फासळी बळकटी देते. बांधताना तिचा साच्यासारखा उपयोग होतो. पण ती नसली तर छत पडलेच पाहिजे असे नाही.

१५ एप्रिल २०१९ रोजी नोत्र-दामला आग लागली, तेव्हा लाकडी छप्पर जळून गेले आणि व्हिओले-ल-द्युक यांनीच एकोणिसाव्या शतकात उभारलेला लाकूड-शिशाचा मनोरा आत कोसळला. त्याच्या माऱ्याने दगडी छताला काही ठिकाणी भगदाडे पडली, उरलेले बहुतेक छत जागच्या जागी राहिले. दुरुस्ती पुरी होऊन डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा खुले झाले. एक भाग गेला म्हणून सगळी कमानरचना कोसळली नाही, हे बलाच्या एकापेक्षा अधिक वाटा शक्य असल्याचे लक्षण आहे.

कारागीर सर्वज्ञ नव्हते याचा लेखी पुरावा मिलानमध्ये आहे. तिथल्या कॅथेड्रलचे काम १३८६ मध्ये सुरू झाले आणि त्यावरच्या बैठकांच्या नोंदी टिकून आहेत. उंची किती ठेवायची यावर वाद झाला तेव्हा १३९१ मध्ये स्तोर्नालोको नावाच्या गणितज्ञाला बोलावले. ९६ ब्राच्चिओ (तिथले हाताचे माप) रुंदीच्या पायावर समभुज त्रिकोण काढायचा आणि त्याच्या उंचीइतकी इमारत करायची, अशी कल्पना होती. ९६ ला ३ च्या वर्गमुळाने गुणून २ ने भागले की ८३.१ येतात. त्याने ८४ घ्यायला सांगितले, कारण मग १४-१४ चे सहा सारखे भाग पडतात. गवंड्याच्या हातात गणित कसे येते याचा हा सुंदर नमुना आहे. पुढे तीही उंची कमी केली गेली.

१३९९ मध्ये पॅरिसहून आलेल्या जाँ मिन्यो या तज्ज्ञाने बांधकामात दोषांची मोठी यादी काढली आणि टेकू अपुरे आहेत असे बजावले. स्थानिक कारागिरांचे उत्तर होते की शास्त्र वेगळे आणि कसब वेगळे. मिन्योने सांगितले की शास्त्रावाचून कसबाला किंमत नाही. हा प्रसंग पुष्कळदा विज्ञानाची बाजू घेणारा म्हणून सांगतात. नीट पाहिले तर दोन्ही पक्ष अडखळलेले दिसतात. टोकदार कमानी बाजूला रेटा देतच नाहीत, असे स्थानिक कारागीर म्हणत होते, ते साफ चूक होते. मिन्यो ज्याला शास्त्र म्हणत होता ते भूमितीतले प्रमाण होते, आजच्या अर्थाचे यंत्रशास्त्र नव्हे. १४०१ मध्ये त्याला कामावरून दूर केले. कॅथेड्रल उभे राहिले, कमानींमध्ये लोखंडी ताणगज घालून.

मग हे लोक शिकत कसे होते? प्रिन्स्टनचे रॉबर्ट मार्क यांनी या इमारतींच्या प्लॅस्टिक प्रतिकृती करून, त्यांतून विशिष्ट प्रकाश सोडून, वारा आणि वजन यांनी कुठे किती ताण येतो ते पाहिले. त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. बांधकाम पन्नास-पन्नास वर्षे चाले, चुना हळूहळू आवळे आणि कुठे ताण आला की दरज उघडून दिसे. कारागीर ती पाहत, पुढच्या गाळ्यात सुधारणा करत, आणि परांच्या उतरल्यावर तीच माणसे दुसऱ्या गावाच्या कामावर जात. थोडक्यात, आधीची इमारत हाच पुढच्या इमारतीचा प्रयोग होता.

१२८४ मध्ये काय झाले असावे?

आता बोव्हेकडे परत येऊ. १२८४ च्या पडझडीची तीन मुख्य स्पष्टीकरणे दिली जातात.

पहिले हेमन यांचे. जाड दरजांच्या बांधकामाला लागून अखंड दगडाचे सडपातळ खांब होते. चुना वर्षानुवर्षे आवळत गेला, बांधकाम किंचित खचले, पण अखंड खांब खचले नाहीत. भार त्यांच्यावर आला, ते तुटले आणि वरचा आधार सरकला. पडझड लगेच न होता बारा वर्षांनी का झाली, हे यातून समजते.

दुसरे मार्क आणि त्यांचे सहकारी वुल्फ यांचे, १९७६ मधले. त्यांच्या प्रतिकृतींत जोराच्या वाऱ्याने बट्रेसच्या मधल्या खांबांत ताण निर्माण होताना दिसला. दर वादळात दरजा थोड्या थोड्या सुटत गेल्या असाव्यात.

तिसरे रचनेचे. सरळ भागातले गाळे आमियांपेक्षा रुंद होते. बट्रेसचे मधले खांब खालच्या खांबांच्या बरोबर माथ्यावर नव्हते, थोडे आत झुकून अधांतरी उभे होते.

या तिघांत अंतिम निकाल लागलेला नाही. ती स्पष्टीकरणे एकमेकांना खोडतातच असेही नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की तिन्हींत नुसती उंची हा गुन्हेगार नाही. याला दोन भक्कम पुरावे इमारतीतच आहेत. एक, वेदीमागचा अर्धवर्तुळाकार भाग तेवढ्याच उंचीचा होता, तिथे खांब जवळजवळ होते, आणि तो पडला नाही. प्रयोगशाळेत आपण एक घटक बदलून बाकीचे तसेच ठेवतो. त्याच्या बरेच जवळ जाणारी ही तुलना आहे. दुसरा पुरावा दुरुस्तीचा. कारागिरांनी सरळ भागातल्या प्रत्येक दोन खांबांच्या मध्ये एक नवा खांब घातला, गाळे निम्मे केले आणि छत त्याच उंचीवर पुन्हा बांधले. त्यांनी बलरेषा काढल्या नव्हत्या, पण निदान केले होते. ते निदान सांगते : उंची ठेवा, आधार वाढवा.

मागच्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न नेमका इथेच बोट ठेवत होता.

मनोऱ्याचा खटला वेगळा

सोळाव्या शतकातल्या मनोऱ्याला मात्र आम्ही निर्दोष सोडणार नाही. १५०० ते १५४८ या काळात आडवे दालन बांधले गेले. त्यानंतर पश्चिमेकडचे मुख्य दालन बांधायला हवे होते. पैसा आणि श्रम मात्र चौकावरच्या उंच मनोऱ्यावर खर्च झाले. मनोऱ्याखालच्या चार खांबांना पूर्वेकडून जुन्या बांधकामाचा आधार होता. पश्चिमेकडे मुख्य दालनच नव्हते, म्हणजे त्या बाजूला रेटा घ्यायला काही नव्हते. मनोरा १५६९ मध्ये पुरा झाला. खांब झुकत असल्याचे लक्षात आले, तपासणी झाली, पश्चिमेला आधार द्यावा असा सल्लाही मिळाला. निर्णयाला उशीर झाला. ३० एप्रिल १५७३ रोजी, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या दिवशी, भाविक मिरवणुकीने बाहेर पडल्यानंतर मनोरा कोसळला.

दोन्ही पडझडी एकाच माळेत ओवणे चूक आहे, ते यासाठी. १२८४ ची चूक आधी न कळणारी होती, ती पडल्यावरच कळली. १५७३ ची चूक आधी कळलेली होती, तिच्याकडे वेळेवर लक्ष दिले गेले नाही. पहिलीतून माणसे शिकली. दुसरीत शिकलेले वापरले गेले नाही. ‘गर्व’ या एका शब्दात दोन्ही कोंबल्या की हा फरक मुलांच्या हाती लागत नाही. पूल, धरणे, शाळेची स्लॅब यांविषयी पुढे नागरिक म्हणून त्यांना जे प्रश्न विचारावे लागतील, त्यांसाठी हाच फरक कळायला हवा.

इमारतीविषयी

आराखडे आणि छायाचित्रे यांवरून या वास्तूविषयी जे मत बनते तेही सांगायला हवे. बोव्हे ही पुरी इमारत नाही. मनोरा पडल्यावर पैसे दुरुस्तीतच संपले. मुख्य दालन कधीच बांधले गेले नाही, त्याच्या जागी दहाव्या शतकातले ठेंगणे चर्च तसेच उभे आहे. आमियांमध्ये लांबी, रुंदी, उंची यांचा जो मेळ जमतो तो इथे नाही. लांबीअभावी उंची अंगावर येते. दुरुस्तीत घातलेल्या खांबांमुळे सरळ भागातला मूळचा मोकळेपणाही गेला. सौंदर्याच्या दृष्टीने आम्ही आमियांला वरचा क्रमांक देऊ. मात्र खांबांची ती दाटी पाहताना कारागिरांचे उत्तर डोळ्यांसमोर दिसते. चुकीची दुरुस्ती इतक्या उघडपणे दाखवणाऱ्या इमारती थोड्या.

आधुनिक तज्ज्ञांनीही या इमारतीकडून धडे घेतले आहेत. १९६० च्या दशकात बट्रेसांमधले जुने लोखंडी ताणगज विद्रूप वाटून काढले गेले. त्यानंतर वाऱ्यात बांधकामाची हालचाल वाढल्याचे लक्षात आले आणि ताणगज पुन्हा बसवावे लागले. १९९० च्या दशकात आडव्या दालनात आतून टेकू उभारावे लागले. यंत्रशास्त्राची पुस्तके हाताशी असूनही इमारतीचे म्हणणे आधी ऐकावे लागते, हे त्यावरून दिसते.

वर्गात

या विषयाला खर्चिक साहित्य लागत नाही. दोन मुलांना समोरासमोर उभे करून तळवे एकमेकांना टेकवायला सांगा आणि पाय मागे सरकवायला लावा. पाय घसरू लागले की दोघांच्या पायांमागे दोन मुले बसवा. तीच बट्रेस. कमानीचा रेटा मुलांना आपल्या तळव्यांत आणि पोटऱ्यांत कळतो.

सुताराकडून पाचरीच्या आकाराचे नऊ लाकडी ठोकळे करून घ्या. पुठ्ठ्याच्या साच्यावर त्यांची कमान रचा, दोन्ही बाजूंना विटा लावा आणि साचा काढा. मग एक वीट हळूच, दोरा-दोरा बाहेर सरकवा. आधी भेगा दिसतात, कमान उभीच असते. किती सरकवल्यावर ती पडते ते मुलांना मोजू द्या. फळ्यावर कमानीचे चित्र काढून, ते उलटे धरून, समोर साखळी लोंबकळवून पाहा. साखळी कमानीच्या जाडीत मावते की बाहेर जाते?

मुंबईच्या शाळांना आणखी एक सोय आहे. राजाबाई टॉवर आणि त्याला लागून असलेली विद्यापीठाची इमारत यांचे आराखडे सर गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडमध्ये बसून केले होते. ते भारतात कधी आले नाहीत. १८७८ मध्ये पुरा झालेला हा मनोरा आणि फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी रचलेले आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस यांत टोकदार कमानी आणि फासळ्या जवळून पाहता येतात. मात्र ती एकोणिसाव्या शतकातली, गॉथिक रूपाची आवड म्हणून केलेली बांधकामे आहेत, हे सांगायला विसरू नये.

शेवटी बोव्हेची गोष्ट सांगा, पण तात्पर्य सांगू नका. पडले हे सांगा, कोणता भाग पडला नाही हे सांगा, दुरुस्तीत काय बदलले आणि काय बदलले नाही हे सांगा, आणि कारण मुलांना शोधू द्या. एखाद्याने तरीही ‘गर्वाचे घर खाली’ म्हटले तर रागावू नये. घर अजून उभे आहे एवढे त्याला सांगावे, आणि ते कसे, हे विचारावे.